रुपीने हलका केलेला रावण

रुपी जीपमध्ये बसायला आली की सुक्या बोंबलांची पाटी टपावर जाते. जीप माझी, खड्ड्यांत मणके माझे झिजतात, आणि नियम मात्र रुपीचे. मोखाडा ते त्र्यंबक ह्या रस्त्यावर मी इतकी वर्षं गाडी मारतोय, पण दुसऱ्याच्या मासळीला मीठ किती लावलंय ह्याची चौकशी करणारा पॅसेंजर मी रुपीखेरीज पाहिला नाही. बाजाराच्या दिवशी चैती म्हातारी पाटी घेऊन चढली की रुपी आपलं हातमोज्यांचं पुडकं छातीशी धरते आणि मला म्हणते, मंगेशदादा, पाटी वर टाका. मी टाकतो. न टाकली तर त्र्यंबक येईपर्यंत मीठ धातूला कसं खातं ह्यावर व्याख्यान ऐकावं लागतं, आणि तोरंगणच्या घाटात मला व्याख्यान सोसत नाही.

रुपी म्हणजे पोशेऱ्याच्या बाजूच्या आमच्या पाड्यावरची, तुका आणि ठकीची एकुलती एक लेक. बारावीनंतर एक कोर्स केला आणि नाशिकजवळच्या एका कारखान्यात लागली. तिथे मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं ओतकाम चालतं. मॅग्नेशियममध्ये थोडं अॅल्युमिनियम आणि चिमूटभर जस्त मिसळतात, वितळवून वाळूच्या साच्यात ओततात, आणि त्यातून यंत्रांची खोकी, दांडे, झाकणं निघतात. हा धातू लोखंडाच्या जवळजवळ पाव वजनाचा. पण त्याची एक खोड आहे, त्याला काहीच सोसत नाही. ओल लागली, घाम लागला, मीठ लागलं की पांढरी भुकटी धरून झिजायला लागतो. ओतून निघालेला प्रत्येक तुकडा धुवायचा, रसायनात बुडवून त्याच्यावर कातडीसारखा थर आणायचा, मग प्रायमर, मग रंग, मग भट्टीत भाजायचा, हे रुपीचं खातं. ती बारा महिने दुसऱ्यांच्या घामापासून धातू वाचवत असते. त्याचा परिणाम असा झाला की ती माणसांच्या हातांकडे आधी बघते आणि तोंडाकडे मागाहून.

तिचा नवरा पांड्या त्याच कारखान्यात गाडी चालवतो. दर शनिवारी दोघं माझ्या जीपने घरी येतात. पांड्या बिचारा शांत माणूस आहे. लग्नात रुपीने त्याला अंतरपाटाआडून हात पुसायला रुमाल दिला होता असं मी सगळ्यांना सांगतो. ते खोटं आहे, पण लोकांना खरं वाटतं.

आता रावणाबद्दल सांगायला हवं. आमच्या पाड्यावर होळीनंतर बोहाडा होतो. देवांची, राक्षसांची सोंगं रात्रभर एकामागून एक निघतात, संबळ आणि पिपाणीवर नाचतात, आणि प्रत्येक सोंग एकेका घराचं असतं. आमच्या घराकडे मारुती आहे. मला नाचता येत नाही, म्हणून माझा भाऊ नाचतो आणि मी शेपूट सांभाळतो. रावण तुकाच्या घराचा. तुकाच्या आज्यापासून तो त्यांच्याकडे आहे. शेवटी उजाडताना रावण निघतो, आणि तो पाहायला झोपलेली पोरंसुद्धा उठवून आणतात.

रावणाला दहा तोंडं. एक तुकाच्या चेहऱ्यावर, राहिली नऊ. नऊ तोंडं दोन बाजूंना सारखी वाटता येत नाहीत, हा त्या देवादिकांनी न सोडवलेला प्रश्न आमच्या पाड्याने सोडवला. डाव्या अंगाला पाच आणि उजव्या अंगाला चार. तोंडं कागदाच्या लगद्याची, त्यांचं वजन काही नाही. पण ती ज्याच्यावर बांधतात तो सांगाडा पूर्वी बांबूचा असे, आणि तुकाच्या बापाच्या वेळी तो भर नाचात मोडला. डावीकडची पाच तोंडं संबळवाल्याच्या मांडीवर पडली. उरलेला रावण पाच तोंडांनिशी बघत राहिला आणि सगळा पाडा हसून लोळला. घराण्याची ही फजिती पुन्हा नको म्हणून त्याच साली लोहाराकडून लोखंडी सांगाडा करून घेतला. तो मोडला नाही. मोडली ती तुकाची मान.

वर्षानुवर्षं तो लोखंडी सांगाडा डोक्यावर आणि खांद्यावर घेऊन तुका नाचला. डावीकडे एक तोंड जास्त म्हणून तिकडचं लोखंडही जास्त, त्याने त्याची मान डावीकडे कलली ती कललीच. गेल्याच्या गेल्या साली बोहाड्यानंतर त्याचा हात बधिर व्हायला लागला. मीच त्याला जव्हारला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी फोटो काढला, मानेचे मणके झिजलेत म्हणाले, आणि डोक्यावर ओझं घ्यायचं नाही असं बजावलं. तुकाने विचारलं, किती ओझं चालंल. डॉक्टर म्हणाले, टोपी चालेल. परत येताना तुका एक शब्द बोलला नाही. एरवी हा माणूस जीपमध्ये बसला की पुढच्या गाडीच्या ड्रायव्हरलाही सूचना देतो. म्हणून मला भीती वाटली.

गेल्या साली रावण निघाला नाही. मारुती लंकेत जाऊन आला, पण लंकेत कुणी नव्हतंच. बोहाडा संपल्यावर पंच बसले. पंचांत थोरले लाडक्याबाबा. त्यांनी तुकाला जवळ बसवून घेतलं, तंबाखू दिली आणि आमच्याकडचा रिवाज सांगितला. सोंग एक साल चुकलं तर देव माफ करतो, लागोपाठ दोन सालं चुकलं तर ते घर बदलतं. पुढच्या साली तुकाच्या घरून रावण निघाला नाही तर तो सोन्याला जाणार होता. सोन्या खालच्या आळीचा, दणकट, शाळेमागच्या मैदानात आत्तापासूनच पाय टाकून बघत होता. त्यात त्याचा काही दोष नाही. रावण व्हावंसं कुणाला वाटत नाही?

पांड्याने घ्यायला हरकत काय, असं तुम्ही म्हणाल. जावई दुसऱ्या गावचा, त्याच्या घरी वेताळाचं सोंग आहे, आणि एक माणूस दोन सोंगं घेत नाही. तेव्हा रावण तुकानेच घ्यायचा, नाहीतर सोडायचा.

रुपीला हे सगळं शनिवारी कळलं. सोमवारी सकाळी परत जाताना ती पुढच्या सीटवर बसली. घाट चढून झाल्यावर तिने मला विचारलं, पुढच्या शनिवारी लोखंडी सांगाड्याची मापं घ्यायला माझ्याकडे टेप आहे का. मी म्हणालो, टेप आहे, पण कारखान्यात रावण ओतणार आहेस का. ती म्हणाली, हो.

कारखान्याचा फोरमन हेमंत भोये, सुरगाण्याकडचा. तिकडेही सोंगं निघतात. दुसरा कुणी असता तर हसला असता. त्याने विचारलं एवढंच की तुमच्याकडे डाव्या अंगाला पाच का उजव्या. मालकांशी तोच बोलला. नमुना म्हणून एक ओतकाम करून बघू, वाळूचा साचा नवीन पद्धतीने भरायचाच आहे, असं काहीतरी सांगून परवानगी मिळवली. कारखान्यातल्या सुताराने लाकडी नमुना केला, तो वाळूत दाबून साचा घ्यायचा. सांगाडा तीन तुकड्यांत: मधला पाठीला आणि कमरेला बसणारा, आणि दोन हात. भार डोक्यावर नको, खांद्यांवरून कमरेला उतरवायचा, हे रुपीने ठरवलं. डोक्यावर खरोखर टोपीएवढंच राहणार होतं.

ओतायच्या दिवशी मी तिथे होतो. नेमका त्र्यंबकला भाडं सोडून मोकळा झालो होतो, म्हणून गेलो. गेटवर माझ्या हातातली पाण्याची बाटली काढून घेतली. आत पाऊल टाकल्यावर एकाने माझा घामाने भिजलेला शर्ट बघितला आणि मला पार भिंतीपाशी उभं केलं. मला राग आला. भांडी विटाळल्यासारखं काय करता, असं म्हणणार होतो, तेवढ्यात रुपीने सांगितलं की वितळलेल्या मॅग्नेशियममध्ये पाण्याचा थेंब गेला तर धातू उडतो, आणि हा धातू पेटला तर पाणी मारल्याने आग आणखी भडकते. म्हणून तिथे पाण्याच्या बादल्या नाहीत, कोरड्या वाळूच्या आहेत. मग मी आपणहून आणखी मागे सरकलो.

भट्टीवर झाकण होतं. हवा लागली की हा धातू पेटतो, म्हणून त्याला उघडं ठेवत नाहीत. झाकण सरकलं तसा आतला रस दिसला, स्वच्छ चंदेरी, दुधाच्या सायीसारखा हलणारा. ओतताना एक जण धारेवर गंधकाची भुकटी शिंपडत होता, म्हणजे धार पेटू नये. दिवाळीतल्या फटाक्यांचा वास सगळ्या शेडमध्ये भरला. एका क्षणी धारेच्या कडेला डोळे दिपवणारी पांढरी ठिणगी उठली, त्याने भुकटीची चिमूट टाकली आणि ती विझली. कुणी ओरडलं नाही, धावलं नाही. रावणाचा डावा हात असा तयार झाला. मी मनातल्या मनात नमस्कार केला. पण कुणाला, ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

पुढचं काम रुपीचं. तुकडे घासले, धुतले, रसायनात बुडवले, त्यांच्यावर मातकट थर चढला, त्याच्यावर प्रायमर, मग काळा रंग, मग भाजणी. जोडायचे बोल्ट लोखंडी होते, तर त्यांच्याखाली तिने नायलॉनच्या चकत्या घातल्या. लोखंड आणि मॅग्नेशियम एकमेकांना टेकले आणि मध्ये ओल आली की लोखंडाला काही होत नाही, मॅग्नेशियम झिजतं. हे मला ती घाटात इतक्यांदा सांगत आली आहे की आता मी ते झोपेत म्हणतो, असं माझी बायको सांगते.

आखाडातल्या पहिल्या सरींच्या आधी सांगाडा घरी आला. रुपीने तो जीपमध्ये गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. चैती म्हातारीची पाटी त्या दिवशी टपावरही नको असं तिने मला सांगितलं, त्यामुळे म्हातारीला मागच्या जीपने यावं लागलं. पाड्यावर सगळे बघायला आले. जो तो उचलून बघे आणि हसे. बायकांनी एका हाताने उचलला. लाडक्याबाबांनी उचलला आणि हा पोकळ आहे का म्हणून ठोकून बघितला. तुकाने अंगणात तो पाठीवर बांधला, दोन गिरक्या घेतल्या, आणि मान सरळ ठेवून घरात गेला. पाठोपाठ आत गेलो तेव्हा तो माठातलं पाणी पिण्याचं निमित्त करून भिंतीकडे तोंड करून उभा होता. मीही त्याच माठातलं पाणी प्यायलो आणि बाहेर आलो. डॉक्टरांनाही सांगाडा नेऊन दाखवला. त्यांनी तो हातात तोलून बघितला, पट्टे ओढून बघितले आणि हसून म्हणाले, ही टोपी चालेल.

एवढं सगळं नीट झालं आणि तिथेच घोटाळा झाला.

पावसाळाभर रुपीच्या शनिवारच्या फेऱ्या चुकल्या. घाटात दरड आली, कारखान्यात काम वाढलं. दिवाळीला ती सासरी गेली, नंतरही कामातून सुटी मिळाली नाही. सांगाडा घरात सुरक्षित होता, म्हणून तिला काळजी नव्हती. माघात ती घरी आली ती तोंडं बांधून बघायला. सांगाडा कुठे आहे विचारलं तर ठकीने मोठ्या अभिमानाने चुलीवरच्या माळ्याकडे बोट दाखवलं. आमच्याकडे घरातली मोलाची वस्तू माळ्यावरच असते. बियाणं तिथे, टोपल्या तिथे, पूर्वीचे लाकडी मुखवटे तिथेच. चुलीच्या धुराने कीड लागत नाही. ठकीच्या दृष्टीने रावणासाठी ह्याहून चांगली जागा घरात नव्हती.

माळ्यावरून सांगाडा खाली घेतला आणि रुपीने तो दाराच्या उजेडात धरला. मी दारातच होतो. सांगाडा टांगायला ठकीने लोखंडी तार वापरली होती. तारेने घासून डाव्या हातावरचा रंग आणि थर सोलवटला होता. आणि नेमकी त्याच जागी एक काळी पुरचुंडी बांधलेली होती. पुरचुंडीखाली पांढऱ्या भुकटीचा थर साचला होता. रुपीने तो बोटाने झटकला तर खाली धातूला खड्डा. हाताची जाडी तिथे निम्मी राहिली होती. पाच तोंडं जिथे बांधायची तीच जागा.

पुरचुंडी सोडली. आत खडं मीठ, सुक्या मिरच्या आणि कोळशाचा तुकडा.

रुपीला आधी रडू आलं नाही, राग आला. तिने आईला विचारलं, हे कुणी बांधलं. ठकी म्हणाली, मीच. सगळा पाडा येऊन बघून गेला, जो तो उचलून नवल करून गेला, नजर लागली असती. इतक्या हौसेने पोरीने केलेली वस्तू, तिची दृष्ट नको काढायला? पाऊसभर ती दर अमावास्येला जुनं मीठ काढून नवं बांधत होती.

मग रुपी जे बोलली ते मी लिहीत नाही. मीठ, लोखंड आणि कोळसा, ह्या धातूचे तिन्ही वैरी शोधून एका जागी आणले म्हणाली, तेवढं लिहितो. कोळसाही त्याला लोखंडासारखाच नडतो म्हणे. बोहाड्याला जेमतेम महिना होता. ठकीने ते सगळं ऐकून घेतलं, चुलीपाशी जाऊन बसली आणि संध्याकाळी जेवली नाही. तुका दोघींच्या मध्ये उंबऱ्यावर बसून राहिला. शेवटी म्हणाला, सोन्या चांगला नाचतो, त्यालाच देऊन टाकू.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी शेजारी, पण मी बोललो. तुकाला म्हणालो, एका मिठाच्या खड्याला घाबरून लंका देतोस का. रुपीला म्हणालो, तुझ्या व्याख्यानांनी माझे कान किटले, पण आईला तू कधी एक शब्द सांगितलास का, की ह्याला मीठ चालत नाही. तिने खरंच सांगितलं नव्हतं. चैती म्हातारीला सांगितलं, मला सांगितलं, एसटीच्या कंडक्टरला सांगितलं. घरात कुणी सांगतं का. घरातल्यांना सगळं ठाऊकच असतं असं आपण धरून चालतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी लावली तेव्हा रुपी आईपाशी चुलीजवळ बसलेली होती. सांगाड्याचा डावा हात दोघींच्या मध्ये. रुपीने पुरचुंडी हातात घेतली होती, पण फेकली नव्हती. ती आईला सांगत होती की तुझी भीती खरी आहे. ह्याला खायला खरंच काहीतरी येतं, आणि ते नजरेसारखंच दिसत नाही. कारखान्यात मी दिवसभर तेच करते, आलेल्या प्रत्येक वस्तूची दृष्ट काढते. फक्त ह्याची दृष्ट मिठाने निघत नाही, ह्याला मीठच बाधतं.

ठकीने विचार केला. मग तिने तिच्या पद्धतीने एकच प्रश्न विचारला, जो कारखान्यात कुणी विचारला नसेल.

"मंग याला काय बांधायचा?"

"काय नाय बांधायचा, आये. कोरडा ठेवायचा. आन् रोज पुसायचा."

"रोज?"

"रोज."

ठकीला ते पटलं. दृष्ट काढणं म्हणजे कुणीतरी रोज लक्ष देणं, हे तिला माहीत होतंच. तिने पुरचुंडी चुलीत टाकली. मिठाचा तडतडाट झाला आणि मिरच्यांच्या ठसक्याने आम्ही सगळे खोकत बाहेर आलो. तुकाही खोकला, आणि खोकताना हसला.

डावा हात परत कारखान्यात गेला. हेमंत भोयेने तो उलटासुलटा करून बघितला आणि नवा ओतणं आता जमणार नाही म्हणाला, लाकडी नमुना मोडून त्याचं लाकूड केव्हाच दुसरीकडे लागलं होतं. पण डाग भरता येईल. त्यांच्याकडे एक वेल्डर आहे, तो हवेला दूर ठेवणारा वायू सोडत त्याच धातूची काडी वितळवून भरतो. आधी खड्ड्यातली भुकटी आणि खराब धातू खरवडून काढावा लागला, आतली शेवटची पांढरी रेघ जाईपर्यंत. रुपीने ते स्वतः केलं. कीड राहिली तर आतून खाते, म्हणाली. मग वेल्डरने भरलं, मग पुन्हा सगळे थर, पुन्हा भाजणी. परत येताना मी विचारलं, टिकेल का. रुपी म्हणाली, टिकायला पाहिजे. एवढ्या वर्षांत तिने मला इतकं आखूड उत्तर कधीच दिलं नव्हतं, त्यामुळे मला धीर आला नाही.

सांगाडा आता चुलीपासून दूर, पुढच्या खोलीत सुती दोरीने टांगलेला. खाली ठकी. कुणी बघायला आलं की ती आधी हात बघायची. लाडक्याबाबांना तिने पडवीत बसवून हात धुवायला आणि पुसायला लावले. चैती म्हातारी बोंबील घेऊन आली तर तिला अंगणाच्या पलीकडूनच परत पाठवलं. म्हातारी मला म्हणाली की आता एकाच घरात दोन रुप्या झाल्या, जगायचं कसं.

बोहाड्याची रात्र मी सांगत बसत नाही. कॅमेरे घेऊन येणारे पाहुणे ती सांगतात. ते पहाटे दोनच्या सुमाराला गाडीत झोपतात आणि रावण त्यांना कधीच दिसत नाही. आमच्या तालुक्याचं नाव पेपरात येतं ते उपाशी पोरांसाठी, नाहीतर मुखवट्यांच्या फोटोंसाठी. मधल्या माणसांबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मी हे लिहायला बसलो.

पूर्वेला उजळलं तसा संबळाचा ठेका बदलला. तुका बाहेर आला. पट्टे सोन्याने बांधले. रावण हातचा गेला म्हणून त्याने दोन दिवस तोंड पाडलं होतं, पण पट्टे मात्र त्याने असे आवळले की मला बघूनच श्वास कोंडला. दहा तोंडं लाल, काळी, पिवळी. तुका मधोमध, मान सरळ. इतक्या वर्षांत आम्ही रावणाला सरळ मानेने कधी बघितलंच नव्हतं. उंच वाटला.

आणि तो नाचला. लोखंडाच्या दिवसांत तो जड पावलं टाकायचा, आम्हाला वाटायचं रावणाची चालच तशी. ह्या खेपेला तो उड्या मारत होता. पिपाणीवाल्याचा दम गेला, तुकाचा गेला नाही. मी मारुतीचं शेपूट धरून उभा होतो, पण माझं लक्ष डाव्या हाताच्या त्या जागेवर. रुपी माझ्या बाजूला. तिचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असेल, नाहीतर थरांची नावं.

तिसऱ्या गिरकीत डावीकडे काहीतरी करकरलं. रुपीने माझं मनगट धरलं. डाव्या हातावरचं टोकाचं तोंड हललं, झुकलं, आणि गर्रकन फिरून मागे बघायला लागलं. तोंड पडलं नाही. सुटली होती ती तोंड बांधायची दोरी. सांगाडा तसाच, भरलेला डाग तसाच. नऊ तोंडं पुढे आणि एक मागे, असा रावण गोल फिरत राहिला. मग कुणीतरी हसलं आणि पाडा हसला, पण हे त्या जुन्या फजितीचं हसणं नव्हतं. लाडक्याबाबा म्हणाले, ह्या साली रावणाला मागून येणारा मारुतीपण दिसला. माझा भाऊ चिडला, मी मात्र शेपूट सोडून टाळ्या वाजवल्या.

ऊन अंगणात उतरलं तेव्हा नाच संपला. लाडक्याबाबांनी तुकाच्या कपाळाला गुलाल लावला, म्हणजे रावण त्याच घरात राहिला. ठकी पुढे आली. तिच्या हातात मीठ नव्हतं, नागलीच्या भाकरीचा तुकडा होता. तो तिने नवऱ्यावरून ओवाळला, मग सांगाड्यावरून ओवाळला आणि लांब टाकला. कोंबड्यांनी तो पळवला.

सोन्याने पट्टे सोडले. तुका घामाने निथळत होता. रुपीने सांगाडा दोन्ही हातांनी अलगद काढून घेतला. एरवी तिने आधी बापाचा घाम लागलेली जागा पुसली असती. ती ते विसरली. तिने डाव्या हातावरच्या त्या भरलेल्या डागावर गाल टेकला आणि हमसून हमसून रडायला लागली. बाप हसत होता, माणसं हसत होती, आणि तिला थांबता येत नव्हतं. मलाही आवरलं नाही, पण मी शेपटाने पुसलं.

ठकी लगबगीने आली. तिने लेकीचा चेहरा सांगाड्यापासून बाजूला केला.

"रडू नको गं त्याच्यावर. डोल्याचा पानी खारा असतंय."

आणि पदराच्या कोरड्या टोकाने तिने आधी सांगाडा पुसला, मग रुपीचे डोळे.